विहिरीतला दिवा

“मंग विहिरीत कोण होतं गो?” शेजारून अनितानं विचारलं आणि नम्रताच्या हातातलं रोप चिखलात आडवं झालं.

शेणवे गावच्या खाचरात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालली होती. सहा बायका ओळीनं वाकलेल्या. कंबर मोडते, वेळ सरत नाही, म्हणून ओळीतल्या एकीनं गोष्ट सांगत राहायची, अशी त्यांची रीत. यंदा ते काम नम्रतावर आलं होतं. माझ्या आजीची गोष्ट, असं तिनं ठोकून दिलं होतं. खरं तर गोष्ट शहापूरच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातली. सकाळी शेण काढायच्या निमित्तानं गोठ्यात जायचं, वीस पानं वाचायची आणि दिवसभर तीच सांगायची. काल गोष्टीतली कुमुद विहिरीत वाकली. तळाशी दिवा जळत होता. कालची वीस पानं तिथंच संपली होती.

पुस्तक ती भाताच्या कणगीत लपवायची; आज तिथं हात घातला तर ते नव्हतं. कोपरापर्यंत भात उपसलं. नव्हतंच. कणगीला हात लावणारं दुसरं माणूस एकच, तिची सासू बाईजा. तिनं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, “घरात पुस्तक दिसलं तर चुलीत जाईल.” नम्रतानं भीत भीत चुलीतली राखही चाळून पाहिली होती. वाचनालयाला काय सांगायचं, ही पुढची गोष्ट. या घरात आल्यापासून तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि आता तेही संपणार होतं.

“सांग की गो,” अनिता म्हणाली.

नम्रतानं चिखलात पडलेलं रोप उचललं. ओळीच्या टोकाला बाईजा मुकाट रोपं लावत होती. हिनं आता सगळ्यांदेखत वाभाडे काढले तर?

“तिची बहीन होती,” बाईजा मान वर न करता म्हणाली. “जिती. बापाच्या भ्यानं सात वरसं लपली होती.”

बायकांचे हात थांबले. नम्रता सासूकडे बघतच राहिली. सासूला अक्षर येत नाही, असं अख्खं घर धरून चालायचं.

बाईजा सरकत सरकत तिच्याजवळ आली.

“चौथी शिकलेय मी,” ती हळूच म्हणाली. “माझं पुस्तक माझ्या सासूनं जाळलं. तवापासून हातात धरायचं भ्या वाटायचं.”

“मंग आता, आई?”

“आता शेवटची धा पानं रायलीत. संध्याकाळी मला हाक मारू नको.”