ताईच्या टाइल्स

तळघरात आग लागली की आत उतरलेल्या जवानाच्या वायरलेसला सिग्नल मिळत नाही, म्हणून ताईने तो हवा तिकडे वळवणारं पॅनेल बनवलं होतं. भिंतीला टेकवायचे दोनशे चौकोन. अग्निशमन दलातला तिचा धाकटा भाऊ त्यांना ‘ताईच्या बाथरूम टाइल्स’ म्हणायचा.

आज गोदामाच्या तळघरात तोच उतरला होता, आत राहिलेल्या वॉचमनला शोधायला. दहा मिनिटं झाली, बाहेर ताईसमोरच्या नकाशाच्या पडद्यावर त्याच्या वायरलेस सेटचा ठिपका जागचा हलेना. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मग एकदाचा ठिपका सरकला. धुरात बोलणं जमत नसावं. तिच्या हाकेला उत्तर म्हणून सेटचं बटण तेवढं दाबलं जात होतं.

"डावीकडे वळ. भिंत सोडू नकोस. आता जिना, सात पायऱ्या."

ठिपका सरकेल तसा ती सिग्नल वळवत राहिली. तो दारात पोचला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"माकडा, किती घाबरवलंस!"



धुरातून वॉचमन बाहेर आला आणि खोकत म्हणाला, "साहेबांचा पाय रॅकखाली दबलाय. म्हणाले, हा सेट गळ्यात घाल, माझी ताई तुला बाहेर काढेल."