नेमका शब्द

श्रीधर न विचारता वर्गात शिरला आणि अगदी मागच्या खुर्चीवर बसला. मांडीवर इंग्रजी शब्दकोश, त्यावर समानार्थी शब्दांचा जाडजूड थिसॉरस. फळ्यापाशी उभ्या असलेल्या वेदश्रीनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि बायकांना पुढचं वाक्य सांगायला सुरुवात केली.

सिंदी रेल्वे गावातल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ती दुपारी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायची. पोरांच्या शाळेतल्या मॅडम इंग्रजीत काही बोलल्या की या बायका नुसत्या हसून मान हलवत आणि घरी येऊन पोरांनाच विचारत, त्या काय म्हणाल्या म्हणून. त्यातूनच हा वर्ग निघाला होता. श्रीधरला तो मुळापासून खटकत होता. चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं, असं त्याचं मत. तो कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक होता. बाजारात भाजीवाली ‘मिस्टेक झाली’ म्हणाली, तर मिस्टेक आणि एरर यांतला फरक तो तिला तिथंच समजावून सांगे. मागची गिऱ्हाइकं थैल्या घेऊन ताटकळत राहत.

घरातही तेच. थकले म्हटलं की तो विचारी, टायर्ड की एक्झॉस्टेड? लग्नानंतर काही वर्षं वेदश्रीला याचं कौतुकही होतं. माहेरी, वडनेरला तिचे वडील वारले, तेव्हा ते संपलं. ती त्यांच्या उशाशी बसली होती. श्रीधर मोबाइल घेऊन तिच्या कानाशी वाकला. कॉलेजच्या ग्रुपवर बातमी टाकायची होती आणि ‘सॅड डिमाइज’ लिहावं की ‘अनटाइमली’, हे त्याचं ठरत नव्हतं. मग स्वतःच म्हणाला, वय बघता अनटाइमली म्हणता येणार नाही. त्या दिवसापासून वेदश्री त्याच्याशी भांडलेली नव्हती. ज्याची किळस येते त्याच्याशी कोण भांडतं?

आज पाळी रोशनीची होती. नागपूरच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात तिला मुलाखतीला बोलावलं होतं आणि स्वतःची ओळख इंग्रजीत सांगावी लागणार होती. ती उभी राहिली. ओढणी सारखी केली. दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेत कविता म्हणावी तशी बोलू लागली.

"माय नेम इज रोशनी. आय हॅव टू डॉटर्स. माय हजबंड इज एक्स्पायर्ड."

मागून हसू आलं. मोठं नाही, नाकातल्या नाकात दाबलेलं. श्रीधर म्हणाला, "बाई, एक्स्पायर औषधं होतात. नवरा नाही."

त्याच्याखेरीज कुणी हसलं नाही. रोशनीनं आधी वेदश्रीकडे पाहिलं, मग मागे वळली.

"दवाखान्यात डॉक्टरनं मले असंच सांगतलं, सर," ती म्हणाली. "पेशंट एक्स्पायर झाला म्हने. मले समजलंच नाई. मी त्यायले विचारलं, मंग सुट्टी कवा देता?"

आता तरी हा गप्प बसेल, असं वेदश्रीला वाटलं. पण श्रीधरनं थिसॉरस उघडलेला होता आणि त्याचं बोट ओळीवरून सरकत होतं. डिसीज्ड, डिपार्टेड, लेट. एकेक शब्द तो स्वच्छ उच्चारात वाचत गेला, प्रत्येकाची छटा सांगत गेला आणि शेवटी म्हणाला की यातला जो आवडेल तो तिनं निवडावा. त्याच्या मते ‘लेट’ सगळ्यात सुबक. रोशनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तशीच उभी. मेलेल्या नवऱ्यासाठी शब्द पसंत करायला तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

एक्स्पायरचा एक अर्थ मरणे असाही कोशात दिलेला आहे, हे वेदश्रीला ठाऊक होतं. त्याच्याच मांडीवरचं पुस्तक उघडून ती ते दाखवू शकत होती. पण मग तो खूश झाला असता. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये कसं, हे संध्याकाळभर सांगत बसला असता. त्याला हरण्याचंही सुख मिळू नये, असं तिला वाटलं.

तिनं खडू ठेवला. हात पदराला पुसले आणि रोशनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता मी माझी ओळख सांगते, नीट ऐका, असं तिनं बायकांना सांगितलं.

"माय नेम इज वेदश्री." आवाज रोजचाच होता. नजर मात्र बायकांच्या डोक्यांवरून थेट मागच्या खुर्चीवर. "आय लिव्ह इन सिंदी. माय हजबंड इज एक्स्पायर्ड."

वर्गातल्या कमलाबाईंनी तोंडाला पदर लावला. पुढच्या रांगेतली एक बाई हळूच मागे वळली, मग दुसरी, मग सगळ्याच. श्रीधर ताठ बसला होता. बोट अजून पानावर होतं.

वेदश्री थांबली. तो चिडला असता, पुस्तकं उचलून निघून गेला असता, नुसती मान जरी खाली घातली असती, तरी आत कुणीतरी आहे असं तिनं मानलं असतं. ती त्याला तेवढा वेळ देत होती.

श्रीधरनं घसा साफ केला.

"‘इज’ नाही गं," तो म्हणाला. "निदान ‘हॅज’ तरी म्हण."