माईंचा नंबर

वर्ग सुरू व्हायची वेळ झाली आणि माईंचा टॅब पुन्हा इंटरनेटवरून गळाला. शिवणकाम शिकायला नाव घातलेल्या बायका पडद्यावर उगवायच्या आणि नमस्कार पुरा व्हायच्या आत नाहीशा व्हायच्या. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवल्यावर माई आज पहिल्यांदा कुणाच्या तरी बाई होणार होत्या.

अण्णा चष्मा शोधत धावले. घरातलं इंटरनेट हे अण्णांचं खातं. राउटरला जोडायच्या प्रत्येक यंत्राला आपापला आयपी ॲड्रेस लागतो, अण्णांच्या भाषेत नंबर, आणि तो अण्णा स्वतःच्या हाताने देत. पाहुणा आला की त्याचा फोन मागून घ्यायचा, भुवया आक्रसायच्या, नंबर घालायचा आणि "घ्या, झालं" म्हणून परत करायचा. नंबरही मानाप्रमाणे. थोरांना आधीचे, धाकट्यांना नंतरचे, टीव्ही बिचारा सगळ्यांत शेवटी.

"कालपर्यंत तर चालत होता," अण्णा म्हणाले.

"भाऊजी आल्यापासून चालत नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. सकाळी थोरले भाऊ आले, तेव्हा त्यांच्या मानाचा नंबर मोकळा नव्हता. ही कुठे रोज वापरते, असं म्हणून अण्णांनी त्यांना माईंचा देऊन टाकला होता. आता एका नंबरावर दोघं, म्हणून एक लागला की दुसरा पडत होता. अण्णांनी हे कबूल केलं, पण तोंडातल्या तोंडात. वर, तुला शेवटचा एखादा देतो, असंही म्हणाले.

माईंनी टॅब काही त्यांच्या हाती दिला नाही. उलट त्यांच्याच खिशातून त्यांचा फोन काढला, राउटरचं पान उघडलं, पासवर्ड न विचारता घातला आणि 'आपोआप ॲड्रेस देणे' चालू केलं. अण्णा कासावीस झाले. मग शिस्त ती काय राहिली, कुणीही यावं आणि कुठलाही नंबर घ्यावा? माई म्हणाल्या, राउटर मोकळा असेल तोच देतो, एकाचा काढून दुसऱ्याला देत नाही.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"जोडणी करायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही त्याला गप्प बसवलंत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"सगळे तुम्हाला हाका मारायचे. तुम्हाला बरं वाटायचं."

अण्णांना लाज वाटली. पण टॅबवर झरझर चालणारी तिची बोटं बघता बघता लाज मागे पडली आणि ऊर असा भरून आला, की स्वतःच्या निरोप समारंभातही तसा आला नव्हता. माईंनी टॅब आपोआपवर टाकला आणि भाऊजींच्या फोनमध्येही तेवढंच करून या, म्हणून त्यांना पिटाळलं. अण्णा निमूट गेले.

बाहेरच्या खोलीत थोरल्या भावांनी फोन उलटापालटा करून बघितला. "नंबर घातलाच नाहीस, तरी लागलं की. तुझ्या हातातच काहीतरी आहे बुवा."

"माझ्या नाही, दादा. सगळं हिने केलंय. आत शिकवतेय, हळू बोल."

हे 'हळू बोल' अण्णा इतक्या मोठ्याने म्हणाले, की आतल्या पडद्यावर खाली मान घालून सुईत दोरा ओवणाऱ्या झाडून सगळ्या बायकांनी माना वर केल्या.