वारा तोंडावर

हॉलमध्ये फळं निवडायची बारा टेबलं होती, प्रत्येक टेबलाशी चार बायका, दोन टोकांना दोन दरवाजे, आणि छताखालून शीतगृहाकडे जाणारा अमोनियाचा एक पाइप. पाइपाचा सांधा बरोबर पुढच्या दरवाजावर होता. तो दोन वाजून सात मिनिटांनी सुटला.

सुरक्षा अधिकारी त्या वेळी मशीनच्या खोलीत होती, काचेच्या अलीकडे. तिला नोकरीला लागून तीन महिने झाले होते. पांढरा धूर दरवाजावरून खाली ओघळताना तिला दिसला. त्याखाली तीन नंबरच्या टेबलाशी तिची आई दिसली. मग दिसेनाशी झाली.

तारकाका तोवर व्हॉल्व्हच्या चाकाशी पोचलेही होते. बत्तीस वर्षं ते ही मशीन सांभाळत होते. पूर्वी तार करताना शब्दामागे पैसे मोजावे लागत, तसे ते बोलायचे. म्हणून हे नाव. चाक फिरवत ते म्हणाले, "पाइपातला आहे तेवढा येणारच. माइक घे. बाहेर काढ त्यांना."

काय बोलायचं ते तिला तोंडपाठ होतं. तिनेच लिहिलं होतं ते, अकरा दिवस खपून, शब्दकोश उशाशी घेऊन. भाषेला वजन आहे, असं मॅनेजर म्हणाले होते. त्या सूचनांचा फलक हॉलमध्ये लागल्यापासून आई रोज त्याची काच पुसायची आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगायची, हे माझ्या लेकीचं. ती बाई म्हणायची, तुझ्या लेकीचं वाचायला जेवणाची सुट्टी पुरत नाही गं, अर्ध्यातच दम लागतो.

तिने बटण दाबलं.

"वायुगळतीसदृश आपत्कालीन परिस्थिती उद्भवल्यास, सर्व संबंधित कर्मचाऱ्यांनी विचलित न होता, श्वसनमार्गाच्या संरक्षणार्थ उपलब्ध आर्द्र वस्त्राचा विनियोग करून, वायुप्रवाहाच्या प्रतिकूल दिशेस स्थित अशा..."

हॉलमधल्या बायका थांबल्या. सवयीने पुढच्या दरवाजाकडे धावलेल्या, खोकत मागे फिरलेल्या, टेबलाखाली शिरलेल्या, सगळ्या थांबल्या. जेवढ्या धुरातून दिसत होत्या तेवढ्यांची तोंडं कर्ण्याकडे वळली होती. वाक्य चालू होतं आणि काय करायचं ते त्यात अजून आलं नव्हतं. त्या ते यायची वाट बघत होत्या. काचेशेजारी हॉलमधला अमोनिया मोजणाऱ्या मीटरचा काटा एकशे ऐंशीवर होता. दोनशे चाळीसवर गेला. तीनशेच्या पुढे माणूस फार वेळ उभा राहू शकत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिला ते वाक्य सोडता येईना. मध्येच तोडायचं तर कुठे, तेच सुचेना.

तारकाकांनी तिच्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही. चहाचा कप घ्यावा तसा घेतला.

"ओलं फडकं नाकाला. वारा तोंडावर. चाला."

फळं पुसायचं ओलं फडकं प्रत्येकीच्या हातात होतंच. मागचा दरवाजा उघडा होता आणि वारा तिथूनच येत होता. तिच्या वाक्यातही नेमकं हेच होतं.

त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा तेच म्हटलं. तोच आवाज, तीच पट्टी, कुणाला मीठ द्या म्हणावं तशी.

तिसऱ्यांदा ते म्हणाले, तेव्हा तिने जे पाहिलं ते यापूर्वी फक्त प्रयोगशाळेत पाहिलं होतं. कागदावर विस्कटून पडलेला लोखंडाचा कीस, खालून चुंबक धरला की एका दिशेला वळतो, तसं. डोळे मिटलेल्या बायका गालांनी वारा शोधत होत्या. एक वळली. तिच्या मागची वळली. मग टेबलामागून टेबल. पळालं कुणीच नाही. एकीने पुढचीचा खांदा धरला, तिचा मागचीने. कर्ण्यातून "चाला" आलं की पाऊल पडत होतं, पुन्हा आलं की पुढचं. ती काचेला कपाळ टेकवून बघत राहिली. शाळा-कॉलेजात इतकी वर्षं शब्द वाचले, लिहिले, पाठ केले. शब्दांनी माणसं अशी धुरातून चालतात, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

"काका, हे तुम्ही कधी ठरवून ठेवलं होतं?" तिने विचारलं.

त्यांनी माइकचं बटण क्षणभर सोडलं.

"तुझंच आहे. धुरात मावेल तेवढं घेतलं."

आणि पुन्हा बटण दाबलं.

ती बाहेरून वळसा घालून मागच्या अंगणात पोचली, तेव्हा मुकादम बोट दाखवत बायका मोजत होता. सत्तेचाळीस. त्याने पुन्हा मोजल्या. सत्तेचाळीसच. कर्ण्यातला आवाज अजून चालू होता. मग दरवाजातून आई आली, भिंतीला हात लावत, फडकं नाकाशी घट्ट धरून.

तिला उलट्या क्रेटवर बसवलं. डोळे लालबुंद झाले होते, पाणी थांबत नव्हतं. लेक समोर बसली आहे हे तिला हाताने चाचपल्यावर कळलं.

"तुझा आवाज ओळखला मी," आई खोकत म्हणाली. "काय छान वाचत होतीस. पुरतं ऐकावं म्हणून थांबले होते."



कारखान्याच्या नर्सने आईला ऑक्सिजनचा मास्क चढवला, बोट पुसलं आणि त्याला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. छोट्या पडद्यावर आकडा उमटायला थोडा वेळ लागला. अठ्ठ्याऐंशी. नर्स आणि लेक त्याच्याकडे बघत राहिल्या. एक्क्याण्णव. पुन्हा नव्वद.

दोन वाजून एकोणीस मिनिटांनी पंच्याण्णव.