तिसऱ्या डिस्कचा लाल दिवा

तिसऱ्या डिस्कचा लाल दिवा पुन्हा लागला. डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने तो अंगठ्याने झाकून पाहिला. अंगठा काढला तरी दिवा होताच.

दवाखाना दातांचा होता आणि सर्व्हर सामानाच्या खोलीत, हातमोज्यांच्या खोक्यांना खेटून. त्यातल्या चार डिस्कवर आसपासच्या निम्म्या जबड्यांचे एक्स-रे होते. एक डिस्क बंद पडली तर बाकीच्या तिघी मिळून तिचं काम ओढत. आणखी एक गेली की सगळंच गेलं. तिसरी डिस्क तर त्याने कालच नवी कोरी घातली होती. आणि आता दुसरीचा दिवाही पिवळा लुकलुकायला लागला होता.

सकाळी बायकोने दारातून विचारलं होतं, "जमतंय ना?"

"होतंय," तो म्हणाला होता. लग्न झाल्यापासून त्याचं हे एकच उत्तर होतं. नळ गळो, गाडी बंद पडो, रस्ता चुको, होतंय. त्यानंतर तो खोलीबाहेर फिरकला नव्हता, कारण बाहेर गेलं की ती पुन्हा विचारणार. पलीकडे ड्रिल मात्र चालूच होतं. एक्स-रे पाहिल्याशिवाय ती कुणाच्या दाताला हात लावत नसे, तो तिचा नियम होता. आणि सर्व्हर तर त्याने सकाळपासून दवाखान्याच्या कॉम्प्युटरपासून तोडून ठेवलेला. म्हणजे आज आपल्यापायी बिचारी अंदाजाने दात कोरतेय. ड्रिल घरघरलं की तो खोलीचं दार आणखी घट्ट लोटून घेई.

शेवटी त्याने मेहुणीला फोन केला. ती मोठमोठ्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळायची. तिला बोलावणं त्याच्या फार जिवावर आलं, कारण आता ही गोष्ट ती घरातल्या प्रत्येक कार्यात रंगवून सांगणार हे ठरलेलं.

मेहुणीने आल्या आल्या चारही डिस्कवर चिकटपट्टी लावून आकडे घातले. "ताईसुद्धा आधी कुठला दात ते बघते, मग उपटते," ती म्हणाली. तिसरी डिस्क काढून तिने लॅपटॉपला जोडली आणि बराच वेळ तपासली.

"भावोजी, ही मेलेली नाहीये. कालची जुनीही मेली नसणार."

"मग दिवा लाल का?"

"तुम्ही घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्क घातल्यात. खोक्यावर 'सगळ्यात वेगवान' असं लिहिलं होतं ना?"

लिहिलं होतं. त्याने हातमोज्यांच्या खोक्यांकडे पाहिलं.

"ह्यांचा स्वभावच असा. एखादी जागा वाचता आली नाही तर सांगायचं नाव नाही. गप्प बसून तेच तेच वाचत बसतात. चौघींना सांभाळणारा कंट्रोलर थोडा वेळ वाट बघतो आणि मग मेली समजून तिला घराबाहेर काढतो. सर्व्हरच्या डिस्क निराळ्या. नाही जमलं की लगेच सांगून मोकळ्या होतात. मग शेजारणी आपल्याकडचं देतात आणि काम पुढे सरकतं."

बोलणं डिस्कबद्दलच चाललं होतं, तरी त्याचे कान गरम झाले.

"नव्या डिस्क मी सुचवते, त्याच आणा. पण मी हात लावायच्या आधी एक सांगा. बॅकअप आहे ना?"

पलीकडे ड्रिल थांबलं होतं. शेवटचा पेशंट गेला असावा, कारण मास्क हनुवटीखाली ओढून बायको दारात उभी होती. तीही उत्तराची वाट पाहत होती.

नेहमीचा शब्द त्याच्या जिभेवर आला. त्याची नजर दुसऱ्या डिस्कच्या दिव्यावर गेली. एवढ्या वर्षांचे एक्स-रे, बायकोचा सगळा दवाखाना त्या पिवळ्या लुकलुकीवर तरलेला. त्याला खरोखर रडू येईल असं वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "बॅकअप नाहीये. मला जमलंच नाही. हेही जमत नाहीये."

मेहुणी मटकन खोक्यावर बसली. बायको मात्र रागावली नाही. कित्येक वर्षांनी चाव्यांचा जुडगा सापडावा तसा तिचा चेहरा झाला. तिने कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली एक छोटी डिस्क काढून त्याच्या हातावर ठेवली.

"कालपर्यंतचं सगळं आहे ह्यात. रोज दवाखाना बंद करताना मी घेते."

"कधीपासून?"

"तू सर्व्हर बसवलास तेव्हा मी विचारलं होतं, बॅकअपचं काय? तू म्हणालास, होतंय. त्या दिवसापासून."

त्याला हायसं वाटलं, मग थोडा रागही आला. "अगं, मग मला सकाळीच का नाही दिलीस?"

"सकाळी कशी देणार? आज दिवसभर मलाच लागत होती." ती हातमोजे काढत म्हणाली. "एक्स-रे बघितल्याशिवाय मी कधी दाताला हात लावते का?"