कोणत्या आगीची भरपाई

“पाहुण्या रे विस्तवा, बस भट्टीच्या ओट्यावर,
घरजावई झालास तर चढशील छपरावर!”

फुटाणे चाळता चाळता साळूबाई ही ओवी म्हणायची. तिला जाऊन वर्षं लोटली. पण विमा कचेरीच्या बाकावर बसलेल्या तिच्या लेकीच्या, सिंधुबाईच्या, कानात आज तोच आवाज घुमत होता. शेजारी नवरा धोंडीराम. तोही घरजावईच.

जुन्या नाशकातली फुटाण्यांची भट्टी आणि पुढचं दुकान वडिलांनी सिंधुबाईच्या नावावर केलं होतं. धोंडीरामला ते विकून पिंपळगावला हायवेवर लॉज काढायचा होता. “माझ्या जिवात जीव आहे तोवर ही भट्टी विझायची नाही,” असं तिने भर गल्लीत बजावलं, तेव्हापासून तो एकदम गुणी झाला होता. सासऱ्याचा पितळी तराजू त्याने दुरुस्तीला नेला. टंचाईत रांगा लावून रॉकेलचे डबे भरून ठेवले. तिचं मनमाडचं तिकीटही काढलं. “रंगपंचमीला सगळी गल्ली रहाडीच्या रंगभरल्या हौदात उड्या मारायला जाते. तू एकटी काय करशील? बहिणीला भेटून ये.”

आणि आता हा विमा.

“सही करा बाई,” विमा कचेरीच्या जयराम साहेबांनी कागद पुढे सरकवला.

“आधी सांगा, कोणत्या आगीचे पैसे मिळतात?”

“अगं, आग ती आग!” धोंडीराम हसला. “साहेब, हिला शंका फार. लग्नात अंतरपाट वाकवून बघत होती.”

“अर्धाच वाकवला. तिथंच फसले.”

साहेबांना हसू आवरेना.

“वीज पडली तर?” तिने विचारलं.

“मिळतात.”

“बंबाच्या पाण्याने माल भिजला तर?”

“तेही मिळतात.”

“गोदेच्या पुराने?”

“त्याचा हप्ता वेगळा.”

“भट्टीत फुटाणे जळाले तर?”

“भाजायला टाकलेल्या मालाचे नाहीत. तीच आग दुकानात पसरली, तर दुकानाचे मिळतील.”

धोंडीरामने घड्याळ पाहिलं. “झालं ना तुझं? कर सही.”

“आणि मालकानेच लावली तर?”

साहेबांचं हसू मावळलं. “छदाम नाही. वर पोलीस येतील.”

“लावली दुसऱ्याने. पण लागणार हे मालकाला ठाऊक होतं, नि तरी त्याने विमा काढला. मग?”

“मग ती त्याचीच आग.” साहेबांनी चष्मा काढला. “बाई, मनात काय आहे तुमच्या?”

“बायकांचं डोकं, साहेब!” धोंडीराम घाईने म्हणाला. “मनावर घेऊ नका.”

“मालक कोण? मी की हे?”

“तुम्ही. नाव तुमचंच आहे.” साहेब आता तिच्याकडे रोखून बघत होते. असल्या बाईला विमा द्यावा की नाही, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटला होता.

सिंधुबाईने पदर खोचला. पेन उचललं. आईने ओवी घोळवावी तशी एकेक अक्षर घोळवत तिने ठळक सही केली. धोंडीरामने सुटकेचा निःश्वास टाकला.

तिने कागद नवऱ्याकडे दिला नाही. साहेबांच्याच हातात ठेवला.

“आता नीट ऐका, साहेब. या रंगपंचमीला सगळी गल्ली रहाडीवर गेली, की आमचं दुकान पेटणार आहे. मी मालकीण आहे, आणि मला आधीच ठाऊक आहे.”