सिग्नलवरची झोप

राजाजीनगरच्या पहिल्याच सिग्नलला मुग्धाने ब्रेक दाबला आणि गाडीचं इंजिन थांबलं.

"बंद पडली काय गं?" मागच्या सीटवरून तिचे वडील म्हणाले.

"नाही आप्पा. थांबलं की आपोआप बंद होतं. ब्रेक सोडला की परत चालू. पेट्रोल वाचतं म्हणे."

"हळू बोल."

पण गौरीचे ओठ वाकडे झालेच. आप्पांच्या शेजारी, लहान मुलांच्या सीटमध्ये पट्ट्याने बांधलेली आठ महिन्यांची गौरी. लसीच्या तापाने दोन रात्री ती झोपली नव्हती, म्हणजे मुग्धाही नाही. दवाखान्यातून निघाल्यावर गाडी हलली तसा तिचा डोळा लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, झोपली तर उठवू नका, झोपेतच उतार पडेल. बाहेरच्या गोंगाटाचं तिला काहीच नव्हतं. पाठीखालची थरथर थांबली की मात्र लगेच कळत होतं.

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवायच्या आत मुग्धाने ब्रेक सोडला. इंजिन सुरू झालं, गौरीची मान पुन्हा कलली. मुग्धाने आरशात पाहिलं. छाती वरखाली होत होती. पुढच्या वळणावर तिने पुन्हा पाहिलं.

गाडी येऊन पंधरा दिवस झाले होते आणि आजवर ती मुग्धाचा नवरा अमितच चालवत होता. हे आपोआप थांबणं बंद ठेवायचं एक बटण आहे, एवढं तो म्हणाला होता. कोणतं, ते दाखवायच्या आधीच ऑफिसच्या कामाने पुण्याला गेला. यशवंतपूरला इंजिन परत थांबलं तेव्हा मुग्धाने अंदाजाने एक बटण दाबलं. कुठेतरी पीं पीं सुरू झालं. गौरी दचकली, रडायलाच लागली. मुग्धाने तेच बटण पुन्हा दाबून आवाज बंद केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले.

"असू दे, असू दे," आप्पा गौरीला थोपटत म्हणाले. ते तिला म्हणत होते की मुग्धाला, कोण जाणे.

गाडी चालू लागल्यावर रडणं कमी झालं, मग थांबलं.

"आपल्या जुन्या गाडीला एवढी बटणंच नव्हती," थोड्या वेळाने आप्पा म्हणाले. "एक चोक होता. तोही ओढला की हातात यायचा."

"तुम्ही सिग्नलला कधी बंदच करत नव्हता."

"कशी करणार? ढकलायला चार माणसं कुठनं आणू? आणि मागे तू झोपलेली." ते हसले. "ती गाडी नि तू सारख्याच. ती एकदा बंद पडली की चालू होत नव्हती, तू एकदा उठलीस की झोपत नव्हतीस."

मुग्धाला त्या गाडीचा वास आठवला. पेट्रोल, रेक्झिन आणि आप्पांच्या कारखान्याच्या कपड्यांचा. आवाज मात्र आठवेना.

गोरगुंटेपाळ्याचा सिग्नल लांबूनच लाल दिसला. खाली आकडे उतरत होते. एकशे सत्तर.

"आप्पा, इथे तीन मिनिटं."

"दिसतंय."

गाडी थांबली. इंजिन थांबलं. शेजारी एक रिक्षा येऊन उभी राहिली आणि रिक्षावाल्याने किल्ली फिरवून ती बंद केली. मग अर्ध्या उघड्या काचेतून त्याने आप्पांना कन्नडमध्ये विचारलं, ही आपोआप बंद होणारी ना? अशाने स्टार्टर लवकर जातो.

"बघ," आप्पा कुजबुजले. "त्यानं त्याची स्वतः बंद केली. आपली कुणी केली?"

मग त्यांनी ओठांवर बोट ठेवून गौरीकडे खूण केली. "स्वल्प मेल्लगे," हळू बोल रे बाबा. रिक्षावाल्याने वाकून पाहिलं, "सरी, सरी," म्हणाला आणि रेडिओही बंद केला.

एकशे एकेचाळीस.

आरशात गौरीच्या पापण्या थरथरल्या. एक मूठ उघडली. मुग्धा आरशाकडे वाकली. आता उठली की घरापर्यंत रडेल, रडली की ताप चढेल, मग रात्र.

आप्पा गौरीकडे झुकले. त्यांनी सीटच्या कडेवर तळहात ठेवला आणि तो बारीक बारीक हलवू लागले. ओठ मिटलेले होते. घशातून खोल, जाडा आवाज येत होता. घुर्र, घुर्र, घुर्र, आणि मध्येच एक ठोका चुकलेला. पुन्हा घुर्र, घुर्र, घुर्र, पुन्हा तिथेच चुकलेला.

मुग्धाने आरशातून नजर काढली.

तो चुकलेला ठोका तिला माहीत होता. गुडघे पोटाशी घेऊन, गाल रेक्झिनला चिकटवून तिने तो शेकडो वेळा ऐकला होता. तो आला की पुढच्या सीटवर आप्पा अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबायचे, आणि गाडी सावरायची.

आताही आप्पांचा आवाज तिथे थोडा चढत होता.

गौरीची मूठ मिटली. मान डावीकडे कलली. साठ. चाळीस. मुग्धाचे खांदे खाली आले. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांवर झापड येत होती, पण ते मिटू द्यायचे नव्हते. ती आकड्यांकडे बघत राहिली आणि ऐकत राहिली.

सिग्नल हिरवा झाला. रिक्षा सुरू होऊन निघून गेली. मागून एक हॉर्न वाजला, मग दुसरा.

मागे आप्पांची घुर्र, घुर्र चालूच होती. ती ऐकत मुग्धाने ब्रेकवरचा पाय तसाच ठेवला.